जागल

भाच्याचा फोन आला, "मामाजी, शनिवारी नागपूरला आमच्या बँडचा प्रोग्राम आहे, याच." आमच्या चिमूर तालुक्यात बँड म्हणजे लग्नातला. म्हणून मी, मास्तर आणि पाटील इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून बोलेरोत बसलो आणि भिसी, उमरेड करत नागपूरला पोचलो.

जागा एका हॉटेलच्या तळघरात. आमच्या मास्तरांचा गोठा याहून ऐसपैस आहे. शंभरेक पोरं, सगळी काळ्या टीशर्टात, आणि हातभर उंचीचं स्टेज. आम्ही तिघं म्हणजे म्हशींच्या कळपात बगळे.

भाच्यानं काड्या एकमेकींवर आपटल्या, कोणीतरी "वन टू थ्री फोर" ओरडलं, आणि आवाज कानाऐवजी थेट छातीवरच येऊन बसला. मास्तर कानाशी येऊन ओरडले, "गाणं सुरू कवा होते बे?" तोवर ते संपलंही होतं. झाडीपट्टीच्या नाटकाला पहाटेपर्यंत बसणारी आम्ही माणसं; दोन मिनिटांत आटोपणारं गाणं पचायला वेळ लागला. शब्द तर एक कळला नाही. पण गाणारा कशावर तरी मनापासून चिडलाय, एवढं कळलं. धानाच्या भावावर चिडला असता, तरी हीच चाल चालली असती.

मग समोरची पोरं एकमेकांना धडका द्यायला लागली. पाटील गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. सवयीनं मध्ये पडला आणि खरंच पडला. गाणं सुरूच होतं. चार पोरांनी त्याला बगलेत धरून उभं केलं, एकीनं त्याची चप्पल शोधून आणली, आणि तो सावरल्याची खात्री होताच एकानं त्याला पुन्हा खांदा मारला. पाटीलनं यावेळी उलट मारला.

बाहेर चहा पिताना भाचा म्हणाला, "पडला तर उचलायचा, हाच इथला कायदा." मग न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचं सांगत बसला. १९७६ साली त्यांचा पहिला अल्बम आला, चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. ते जिथं वाजवायचे त्या सीबीजीबी क्लबच्या नावातली चार अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची. म्हणजे पाटी गावाकडच्या गाण्यांची आणि आत हा धिंगाणा! तिथं ते पहिल्यांदा वाजले १६ ऑगस्ट १९७४ ला.

"सोळा ऑगस्ट?" मास्तर ताठ झाले. चिमूरच्या माणसाला ही तारीख १९४२ च्या उठावाची. मग तुकडोजी महाराज, त्यांची खंजिरी, पेटलेलं चिमूर, सगळा तास झाला. भाचा कप हातात धरून ऐकत राहिला. मधेच एवढंच विचारलं, "नुसती खंजिरी? माईकशिवाय?"

कान असे बसले होते की उमरेड मागे पडेपर्यंत आम्ही एकमेकांवर ओरडतच बोललो.

दुसऱ्या रात्री हरभऱ्यावर जागल होती. रानडुकरं नाल्याकडून येतात, म्हणून मचाणावर तेलाचा रिकामा डबा ठेवलेला असतो. थंडी मुरत होती. बाराच्या सुमारास पलीकडच्या बांध्यावरून, पाटलाच्या मचाणावरून आधी खणखणीत आवाजात आकडे आले, चारपर्यंत, आणि मग डबा.