बेसमेंटमधली पालेभाजी: फेब्रुवारीची नोंद

टोरांटोत अंगणात अजून बर्फ आहे, पण शेल्फवरची मेथी काढणीला आली. कोथिंबीर तिच्या मागोमाग.

इथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस ९ तासांचाही भरत नाही. खिडकीतली कोथिंबीर उंच, फिकट वाढते आणि आडवी पडते, म्हणून यंदा सगळा संसार बेसमेंटमध्ये हलवला. तिथे सूर्य कधी उगवायचा ते टायमर ठरवतो. ओंटारियोत वेळेनुसार दर असलेल्यांना संध्याकाळी ७ ते सकाळी ७ वीज स्वस्त पडते. दिवे तेवढेच १२ तास. १०० वॉटचा एलईडी, म्हणजे रात्रीला १.२ युनिट.

पैसे वाचतात ते वाचतातच, पण पालक आणि कोथिंबिरीला हेच वेळापत्रक मानवतं. दोन्ही पिकं मोठ्या दिवसात फुलावर येतात. दिवे १६-१८ तास चालू ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मिरचीला तो ठीक आहे, कोथिंबिरीला नाही. पानं शेपूसारखी बारीक दिसू लागली की तुरा आलाच म्हणायचा. वाढ कमी वाटली तर तास वाढवू नका, दिवा खाली आणा. माझा पानांपासून वीत-दीड वीत वर आहे. फोनचं ॲप पानांवरचा प्रकाश २५० मायक्रोमोल दाखवतं (दर चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप), १२ तासांत त्याचे साधारण ११ मोल होतात. पालेभाजीला पुरतं.

अंबाडीचं मात्र सगळं उलटं. दिवस लहान झाला की ती फुलते, वीतभर उंचीचं रोपसुद्धा कळी धरतं. तिला वरच्या कप्प्यात वेगळा टायमर, १५ तासांचा. वर थोडी ऊबही असते. खाली १७-१८ अंश, तिथे मेथी-पालक मजेत.

धणे हलके रगडून दोन फाकी केल्या, रात्रभर भिजवले, तरी उगवायला आठवडा-दहा दिवस घेतातच. मेथी तीन दिवसांत वर. ती मी उपटत नाही, खालची दोन पेरं ठेवून कात्रीने कापते. पुन्हा फुटते, पण दुसऱ्या खेपेचं पान जरा राठ. पराठ्याला चालतं.

चिलटं आहेत, कोकोपीट (मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा) म्हटल्यावर असणारच. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात वाढतात, म्हणून पाणी ट्रेमध्ये खालून देते आणि वरचा थर सुकू देते. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद. चिलटांपेक्षा मला लाल कोळ्याची धास्ती जास्त. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो आणि कढीपत्ता त्याचा आवडता. दर रविवारी कुंडी शॉवरखाली, पानांची खालची बाजू नीट धुवायची. कढीपत्त्याने अर्धी पानं गाळलीत, पण खोड नखाने खरवडलं तर आत हिरवं आहे. म्हणजे झोपलाय. अशा वेळी दया येऊन पाणी घालणाऱ्यांनीच बहुतेक कढीपत्ते मारलेत! खत तर नकोच.

महिनाअखेरीस मिरचीचं बी टाकणार, खाली हीटिंग मॅट, २५ अंशांच्या वर. रोपं मेअखेर बाहेर जातील, तोवर तिला अख्खा वरचा कप्पा लागेल. म्हणून अंबाडी आता खुडून भाजीला, आणि तिची पुढची पेर नाही.