‘येतो’ कुठे म्हणू नये

पुण्यात स्वमग्न किशोरवयीन मुलांसाठी मी सामाजिक कौशल्यांचा गट घेते. त्यातील पंधरा वर्षांच्या एका मुलाला निरोप घेणे जमत नसे. काम संपले की तो उठून चालू लागे. आम्ही सोशल स्टोरी, म्हणजे एखाद्या प्रसंगी कसे वागावे हे समजावणारी छोटी गोष्ट, लिहिली, दारापाशी उभे राहून सराव केला. आधी मी शब्द उच्चारीत असे, मग केवळ ओठ हलवीत असे, शेवटी नुसते दाराकडे पाहत असे. ही खूण मुलाच्या नकळत काढून घेण्यातच आमच्या कामाचे खरे कसब असते. चार महिन्यांनी तो आपणहून दारात थांबून ‘येतो’ म्हणू लागला. शेजारी, आत्याकडे आणि शिकवणीत तो तसे म्हणतो याची खात्री करून मी उद्दिष्ट साध्य झाल्याची नोंद केली.

पुढच्याच आठवड्यात त्याची आई एकटी आली. आदल्या दिवशी ते नात्यातल्या एका घरी भेटायला गेले होते. त्या घरातला तरुण मुलगा गेला होता. निघताना सगळे मुकाट्याने उठले आणि याने दारात थांबून, वळून, स्पष्ट आवाजात ‘येतो’ म्हटले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सर्वांसमोर सुनावले. तेव्हापासून त्याने कोणत्याच घरी ‘येतो’ म्हटलेले नाही.

दुःखाच्या घरून न बोलता निघावे, हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही, म्हणून ते शिकवायचे असते हेही मला सुचले नाही. स्वमग्नतेच्या निदानासाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या ‘आयसा’ मापनात ४० बाबी आहेत आणि त्या साऱ्या मुलाला लावायच्या. समोरच्या माणसाने किती स्पष्ट सांगितले, हे कोणी मोजत नाही. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असे स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले. मी ते पालकांना नेहमी सांगते, आणि तरी त्या मुलाच्या फाइलमध्ये माझ्या चुकीसाठी रकाना नव्हता.

गुरुवारी तो वही घेऊन आला. ‘अजून कुठे कुठे म्हणायचं नाही?’ त्याने पहिल्या आकड्यापुढे ते घर लिहिले होते. मी रुग्णालय सांगितले. त्याने तिसरा आकडा घातला आणि तो थांबला.

मी सहकाऱ्यांना विचारले, तर दोघींनी ‘ते हळूहळू आपोआप कळेल’ असे सांगितले. आपोआप कळत नाही म्हणूनच ही मुले आमच्याकडे येतात, हे आमच्याच व्यवसायातल्या माणसांना सांगावे लागावे, याचा मला संताप येतो. तिसऱ्या आकड्यापुढची जागा अजून मोकळी आहे, आणि तो दर गुरुवारी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवतो.