तुम्ही विचारलंत म्हणून: तयार गाडी मिळते, तर तुकडे कशाला जोडता?

फोंड्यात माझं सोन्याचांदीचं लहानसं दुकान आहे. काउंटरवर तराजूच्या शेजारी बहुतेक वेळा एक वाघीण उभी असते. मालगाडीची वाघीण, वीतभराहून जरा लांब, चारचाकी. साखळीची कडी तुटली म्हणून आलेल्या वहिनी ती हातात घेतात, चाकं फिरवून बघतात आणि म्हणतात, "नातवाक?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मगे शेट, हें तयार मेळना?" सोन्याच्या भावाखालोखाल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गिऱ्हाईक उभं असताना मी "मेळटा, मेळटा" म्हणून पावती फाडतो. आज पाऊस आहे, दुकानात कोणी नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

मिळते. परसात चालवायची आगगाडी रंगवलेली, खोक्यात बसवलेली, थेट रुळांवर ठेवायची अशी मिळते, आणि माझी पहिली गाडी तशीच होती. शेजारचा तारवटी एकदा बोट सोडून घरी आला तेव्हा माझ्यासाठी घेऊन आला. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत ती तुळशीवृंदावनाला फेऱ्या मारत होती. पावसाळ्यात खोक्यात घालून कपाटावर ठेवली. चवथ झाल्यावर काढली तर हूं नाही की चूं नाही. तळाचं झाकण उचकटून पाहिलं, तर आतल्या सर्किटला हिरवी बुरशी धरावी तसा गंज, आणि आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलेलं. सुटं चाक कुठे मिळेना. ते मॉडेलच आता निघत नाही, असं कळलं. कंपनीला नावं ठेवत नाही. त्यांनी ती कोरड्या हवेसाठी केली असणार आणि आमच्या फोंड्यात जुलैमध्ये कपाटातल्या चपलासुद्धा उगवतात.

मला लागलं ते वेगळंच. माझ्या आगटीसमोर, माझ्या चिमट्यात एक वस्तू होती आणि ती मला उघडता येत नव्हती. वडिलांपासून आमच्याकडे दागिना हातात आला की पहिल्यांदा डाख, म्हणजे धातू वितळवून दिलेला जोड, कुठे दिलाय ते बघायचं. डाख सापडला की वस्तू कशी जोडली ते कळलं, म्हणजे ती कशी सोडवायची तेही कळलं. मशीनच्या पोकळ चेन येतात ना, दिसायला भरगच्च, वजनाला हलक्या, त्या तुटल्या की मी हात जोडतो. ज्योत लावली की कडी बसते, पण शेजारच्या चार चेपतात. ती गाडी म्हणजे मला तशी चेन वाटली.

मग पहिलं किट मागवलं. इंग्लंडहून, एका वाघिणीचं. लेसरने कापलेलं प्लायवुड, पोलादी चाकांच्या दोन जोड्या, आम्लाने कोरलेला पितळी पत्रा आणि पांढऱ्या धातूत ओतलेले ॲक्सलबॉक्स, म्हणजे आसाची टोकं ज्यात बसतात त्या डब्या. किमतीबद्दल एवढंच सांगतो की टपाल आणि जकात धरून जो आकडा झाला तो घरी सांगितलेला नाही.

मला वाटलं, डाख देण्यात माझा जन्म गेला, मला काय शिकवणार हे! गॅसची ज्योत बारीक केली आणि पहिला ॲक्सलबॉक्स पितळेच्या पट्टीवर धरला. सोनं वितळण्याआधी सांगतं. लालसर होतं, मग नारिंगी, मग अंगावर पाणी फिरल्यासारखी चकाकी येते, तेव्हा हात मागे घ्यायचा. आमचे डोळे त्या रंगांवर तयार झालेले. पांढरा धातू काहीच सांगत नाही. तो कथलाच्या जातीचा, लाल होण्याच्या कितीतरी आधी जातो. एका क्षणी ॲक्सलबॉक्स होता, दुसऱ्या क्षणी पट्टीवर लोण्याचा गोळा. त्याच्यासाठी वेगळाच डाख असतो, 70 अंशांना वितळणारा, म्हणजे चहाच्या आधणापेक्षाही थंड. तो ज्योतीने द्यायचा नाही, तापमान कमी ठेवलेल्या इस्त्रीने, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असते तसल्या, नुसता टेकवायचा. चाळीस वर्षं आगटीसमोर बसलेल्या माणसाला हे एका रविवारी पहिलीपासून शिकावं लागलं.

पितळ मात्र ओळखीचं निघालं. चांदी उष्णता लगेच पळवते, म्हणून अख्खा तुकडा तापवावा लागतो. पितळ ती त्या मानाने जागच्या जागी धरून ठेवतं, त्यामुळे एक सांधा करताना शेजारचा सुटत नाही. कोरलेल्या पत्र्यात घडीच्या जागी अर्ध्या जाडीची रेघ असते. ती रेघ घडीच्या आत आली पाहिजे आणि घडी एकदाच घालायची. चुकली म्हणून उलटी फिरवली की पितळ रेघेवर मोडतं. घडी बसली की आतल्या खाचेत डाख ओढून घ्यायचा, मग ती सरळ पट्टीपेक्षा मजबूत. शेवटी साफ करायला सूचनापत्रकात कसलंसं द्रावण सांगितलेलं असतं. मी सोलांच्या पाण्यात बुडवतो आणि रिठ्याने घासतो. सोलकढी झाल्यावर उरलेल्या सोलांना आमच्या घरी आता हा दुसरा उपयोग आहे.

चारचाकी वाघीण दिसते सोपी आणि तिथेच फसवते. चार पाय आणि एक वाकडा, असं स्टूल तुम्ही पाहिलंच असेल. स्टूल डुगडुगतं, वाघीण रूळ सोडते. म्हणून सांगाडा जोडताना आरशाच्या तुकड्यावर ठेवून एकेक कोपरा बोटाने दाबायचा. टक् असा आवाज आला तर पीळ आहे, डाख पुन्हा तापवा. माझ्या आता पाच वाघिणी आहेत, त्यातल्या तिनांत मी एक आस पक्का ठेवलाय आणि दुसरा मधोमध एका खिळ्यावर झुलता. चारी चाकं कायम रुळाला टेकतात. तयार गाडीत एवढं झुलण्यापुरती जागासुद्धा मला करून घेता आली नसती.

वजनाचं तर माझ्या धंद्यातलंच. माझी मापं 1:22.5 या प्रमाणाची. लांबी साडेबावीस पटींनी कमी झाली तर वजन साडेबावीसाच्या घनाने कमी होतं, म्हणजे सुमारे 11,390 पटींनी. रिकामी वाघीण आठ टनांची धरा. माझी भरायला हवी 702 ग्रॅम. जुन्या 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास साठ तोळे. प्लायवुडची जोडून झाली तेव्हा ती जेमतेम पस्तीस तोळे होती आणि वळणावर कलंडत होती. उरलेले पंचवीस तोळे शिशाच्या पट्ट्या करून तळाखाली, आसांच्या मध्ये डकवले. ज्या तराजूवर लग्नाच्या पाटल्या तोलतात त्यावर वाघीण ठेवलेली पाहून एका मामींनी मला विचारलं होतं, घट किती धरणार.

आता काही जण विचारत नाहीत, स्वतःच उत्तर देतात. "शेट, तुमकां आदली मीटरगेज याद येता न्ही?" आकडे खरेच जुळतात. मीटरगेजचे 1000 मिलिमीटर साडेबावीसने भागले की 44.4 येतात, आणि या परसातल्या गाड्यांचे रूळ 45 मिलिमीटरचे. जर्मनीतल्या लेहमान कंपनीने 1968 मध्ये हीच जोडी धरून आपल्या गाड्या काढल्या (माझी बंद पडलेली गाडी त्यांची नव्हे), आणि पुढे जगभर तेच माप रुळलं. आपली मुरगावहून सावर्डे, कुळें, दूधसागर करत कॅसलरॉकला चढणारी लाइनही मीटरगेजच. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात 1878 मध्ये तह झाला, त्यानंतरच्या दशकात ती घातली गेली, आणि नव्वदच्या दशकात तिची ब्रॉडगेज झाली. तेव्हा माझ्या वाघिणी त्या लाइनवरच्या आहेत, असं म्हणायला मोकळीक आहे. तसं तयार कोणी विकतही नाही. दुकानात मिळतात त्या बहुतेक जर्मनीच्या नाही तर स्वित्झर्लंडच्या. मी सांगाडा किटचा घेतो आणि वरची पेटी जुने फोटो बघून करतो. पण आठवणीचं म्हणाल तर त्या घाटात मी लहानपणी दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा बोगद्यातल्या धुराने ओकलो. मावशीच्या पदरावर. त्या आठवणीसाठी कोणी एवढे पैसे घालत नाही.

पावसाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण किटच्या कागदांत लिहिलेलं निम्मं इथे उलटं होतं. आमची गाडी मिर्गाला बंद होते आणि चवथीनंतर सुरू होते. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, आम्ही तर परसातले. रुळांवर शेवाळ, चाकं जागच्या जागी फिरतात. मधले तीन-चार महिने जोडकामाचे. पण जोडकाम तरी सरळ होईल? सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. कागदावर लिहिलेलं असतं, तुकडा अर्धा मिनिट दाबून धरा. जुलैत आमच्याकडे तो जागेवर नेईपर्यंत चिकटलेला असतो, बहुधा बोटाला, आणि आजूबाजूला पांढरी राख बसते ती वेगळीच. प्लायवुडच्या कडा आधी वार्निश पाजल्याशिवाय जोडल्या तर महिन्यात फुगतात. आणि स्प्रेचा रंग या दिवसांत मारूच नये. रंगातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि तकतकीत काळा रंग ताक सांडल्यासारखा पांढुरका होतो. माझी दुसरी वाघीण तशी झाली. खरवडून पुन्हा रंगवण्यात आठवडा गेला, पण खरवडता आली.

इंजिन वाफेवरचं आहे. छोट्या चार चाकांचं, तेही किट. सिलिंडर, दांडे, झडपा मी जोडल्या. झडप अर्ध्या फेरीत बरोबर मध्यावर येते की नाही ते बघत दोन रविवार घालवले. बॉयलर मात्र तयार. हो, हसा. तांब्याच्या बॉयलरचा डाख चांदीचा असतो, सहाशे अंशांच्या पुढचा, म्हणजे माझ्या हातचाच. तरी मी तो कारखान्यात पाण्याच्या दाबाखाली तपासून आलेलाच घेतला. चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या दाबाची वाफ 140 अंशांची असते आणि तिच्यापाशी शेजारची पोरं उकिडवी बसतात. दागिन्याचा डाख सुटला तर दागिना परत येतो. इथे ती पैज मला नको.

पाणी पागोळीचं, गाळून बाटल्यांत भरून ठेवलेलं. विहिरीच्या पाण्याचा थर बसतो. जळण ब्यूटेनचं, शेगडीच्या डबीतलं. थंडीत दाब पडतो म्हणून गॅसची टाकी कोमट पाण्यात बसवा, असं त्यांचा कागद सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात त्याच टाकीतून गॅस असा सुटतो की बर्नर कोल्ह्यासारखा ओरडतो, मग ओलं फडकं गुंडाळावं लागतं. लोक दुपारी अकराला येतात आणि म्हणतात, वाफ कुठाय? तापलेल्या हवेत वाफ दिसतच नाही. जानेवारीत सकाळी साडेसहाला या, कुळागरातून गारठा येत असतो, तेव्हा एवढंसं इंजिन केवढा ढग सोडतं ते बघा.

एक चूक सांगून ठेवतो, पुढेमागे कोणी रूळ घालणार असेल तर. चिऱ्यांचा कट्टा आखताना सावलीच्या लोभाने मी वळण माडाखालून नेलं. पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, येऊन गेला म्हणून बिनघोर होतो. त्याने एक नारळ सोडला होता. तो पडला तेव्हा तिसरी वाघीण नेमकी खाली उभी, आणि तिचं काय झालं ते सांगायला नको. घरचे म्हणाले, टाक आता. मी तुकडे ताटात गोळा करून दुकानात आणले. पेटीचा चुरा झालेला, एक ॲक्सलबॉक्स चेपलेला, पण पितळी सांगाडा नुसता वाकलेला होता, आणि प्रत्येक डाख कुठे आहे ते मला डोळे मिटून ठाऊक होतं. चार सांधे तापवून सोडवले, पट्ट्या ऐरणीवर सरळ केल्या, पुन्हा जोडल्या. दोन संध्याकाळी लागल्या. ॲक्सलबॉक्स साच्यातून नवा ओतला, ते काम तर आमचंच. तारवट्याने दिलेली गाडी अजून कपाटावर आहे. तो सुट्टीवर आला की ती खाली काढून पुसून ठेवतो, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

सध्या काउंटरवर उभी आहे ती हीच तिसरी. सांगाडा पितळेचा पिवळाच आहे आणि पेटी नुसत्या लाकडाची, म्हणून वहिनींना ती अर्धवट वाटते. रंग तुळशीच्या लग्नानंतर. तोवर हातात घेऊन बघायला हरकत नाही, फक्त छपराला धरून उचलू नका. ते चिकटवलेलं नाही, नुसतं ठेवलंय, आतला डाख बघता यावा म्हणून.