तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या खेड्यात सरपंच असतो का?

अलाबामात राहते म्हटलं की गावाकडून हा प्रश्न हमखास येतो. आणि पाठोपाठ, "तिथं आपल्यासारखं राजकारण नसेल ना?" तर सरपंच असतो, आणि राजकारणही असतं.

इथं त्याला मेयर म्हणतात, सोबत पाच जणांचं कौन्सिल. शेरीफ म्हणजे पोलिसप्रमुख, मतदारयाद्या वगैरे सगळं काउंटीकडे. ही काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याची थोरली बहीण समजा. बहुतेक काउंट्यांत संशयास्पद मृत्यू तपासणारा कॉरोनरसुद्धा लोकच निवडतात. आणि गावच्या निवडणुकीत उमेदवार एकच असेल तर मतदान होतच नाही. म्हणजे आपलं बिनविरोध! त्यावरूनच मी सगळ्यांना न्यूबर्नची गोष्ट सांगते.

न्यूबर्न हेल काउंटीतलं गाव, 2020 च्या जनगणनेत वस्ती 133. बहुसंख्य कृष्णवर्णीय. ज्या सेल्मा शहरातल्या मोर्चांमुळे कृष्णवर्णीयांच्या मताला संरक्षण देणारा 1965 चा मतदान हक्क कायदा झाला, ते न्यूबर्नहून गाडीनं तासाभरावर. तरी न्यूबर्नमध्ये साठेक वर्षं निवडणूक झालीच नव्हती. मेयरपद एका गोऱ्या माणसाकडून दुसऱ्याकडे जायचं. भांडण नाही, तंटा नाही. आपल्याकडे असतं तर गावाचा सत्कार झाला असता.

2020 मध्ये पॅट्रिक ब्रॅक्स्टन यांनी अर्ज भरला. हे गावच्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक. करोनाच्या काळात गावकारभारी कृष्णवर्णीय लोकांकडे लक्ष देत नाहीत, हे त्यांना खुपत होतं. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही, म्हणून ते आपोआप मेयर झाले, गावचे पहिले कृष्णवर्णीय मेयर. मग काय झालं? जुन्या कौन्सिलनं गावाला पत्ता लागू न देता विशेष निवडणूक उरकली, स्वतःलाच पुन्हा नेमलं आणि टाउन हॉलची कुलपं बदलली. बँकेच्या खात्याला हात लावू देईनात. गावाची टपाल पेटीसुद्धा बंद! कुलपं बदलण्याचा हा प्रकार ऐकला की आमच्या काकांना फार बरं वाटतं, "म्हणजे तिकडंही चालतं तर."

प्रकरण फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेलं. जून 2024 मध्ये तडजोड झाली, ब्रॅक्स्टन यांचं मेयरपद मान्य झालं आणि 2025 मध्ये रीतसर निवडणूक घ्यायची असं ठरलं. तोवर कार्यकाळातली जवळपास चार वर्षं वायाच गेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये, कित्येक दशकांनी, गावानं मेयरसाठी मतदान केलं. ब्रॅक्स्टन 66, विरोधात एक गोरा उमेदवार, 26. एवढ्याशा गावात 92 मतं!

आता तुमच्याकडे कुणी बिनविरोधचं बक्षीस जाहीर केलं की मला फोटो पाठवता. छान असतात. पण अर्ज मागे कुणी घेतले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हेही त्याखाली लिहीत जा.