तुम्ही विचारलंत म्हणून: कूपर ब्लॅक कुठे वापरावा?

अक्षररचना शिकणारी मुले आणि छपाईचे काम घेऊन येणारी मंडळी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: इंग्रजी मथळ्यासाठी तुम्ही वारंवार कूपर ब्लॅक सुचवता, पण असला गोलमटोल फाँट खेळण्यांच्या दुकानापलीकडे शोभतो का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण त्या अक्षरांचा जो गोलवा लोकांना लाडिक वाटतो, तोच माझ्या मते या फाँटचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग आहे.

शिकागोच्या ओस्वाल्ड कूपर यांनी हा टाइप रेखाटला आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्याने, तो १९२२ मध्ये बाजारात आणला. कूपर हे जाहिरातींसाठी हाताने अक्षरे काढण्यात मुरलेले होते. दूरदृष्टीच्या ज्या मुद्रकांच्या ग्राहकांना दूरचे दिसत नाही, त्यांच्यासाठी हा टाइप आहे, असे ते म्हणत, आणि मथळ्याच्या टाइपचे काम याहून नेमके सांगता येईल असे मला वाटत नाही.

सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना बारीक फाटे, असलेले अक्षर जाड करायला घेतले की दोन अडचणी उभ्या राहतात. रेघ जाडावत गेली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आक्रसते, आणि टोकांचे अणकुचीदार सेरिफ शेजारच्या अक्षराला टोचू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातपत्रकांवर आलेल्या जाड टाइपांनी उभी रेघ अवाढव्य आणि सेरिफ केसासारखा बारीक ठेवला. तो प्रकार भारदस्त दिसतो, पण लहान आकारात किंवा खरबरीत कागदावर त्या बारीक रेघा तुटतात. कूपर यांनी जाड आणि बारीक रेघांमधला फरक कमी ठेवला आणि प्रत्येक कोपरा घासून गुळगुळीत केला.

हे कळण्यासाठी मी मुलांना छोटा ‘एन’ तळहाताएवढा छापून देते आणि त्याच्या पायाखाली पट्टी धरायला सांगते. पट्टीला पाय सपाट टेकत नाहीत. नदीतल्या गोट्यासारखे ते खालून फुगीर असतात आणि जेमतेम मधोमध स्पर्श करतात. मग मोठा ‘ओ’ पाहावा. बाहेरचा आकार स्थिर उभा आहे, पण पोटातली पोकळी मागे, म्हणजे डावीकडे, कलली आहे. छोट्या ‘आय’वरचा ठिपकासुद्धा पुरता वाटोळा नाही, लंबगोल आहे. एवढ्या वजनाचे अक्षर दगडासारखे निश्चल वाटत नाही ते या कलत्या पोकळ्यांमुळे, आणि ते हाताने काढलेले वाटते तेही त्यांच्यामुळेच.

कडा गोल असल्यामुळे ही अक्षरे एकमेकांच्या कुशीत शिरतात. शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे ओतीव अक्षरांत, त्याला मर्यादा होती, कारण दोन खिळे एकमेकांत घुसवता येत नाहीत. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फिल्मवर प्रकाशाने अक्षरे जुळवण्याची पद्धत, आणि घासून उमटवायची अक्षरे आली तेव्हा ती मर्यादा गेली, आणि साठ-सत्तरच्या दशकांत कूपर ब्लॅकला जणू दुसरा जन्म मिळाला. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर वरच्या हिरव्या पट्टीत तोच आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीचे नारिंगी-पांढरे नावही त्यातच आहे. विमान कंपनी हा काही खेळण्यांचा धंदा नव्हे. प्रवाशाला स्वस्त आणि आपलेसे वाटावे, एवढे काम त्या नावाने करायचे असते आणि ते हा फाँट चोख करतो.

तो फसतो कुठे, हेही सांगायला हवे. एका उपाहारगृहाचे मेनूकार्ड माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. पदार्थ, त्यांची वर्णने, किमती, सारेच कूपर ब्लॅकमध्ये, दहा पॉइंटांत (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप). ‘ए’ आणि ‘ई’ यांच्या पोकळ्या शाईने भरून गेल्या होत्या आणि प्रत्येक ओळ काळ्या मण्यांच्या माळेसारखी दिसत होती. मी वर फक्त नाव कूपरमध्ये ठेवले आणि बाकी मजकूर साध्या, हलक्या सेरिफमध्ये लावला. चोवीस पॉइंटांच्या खाली आणि चार-पाच शब्दांच्या पुढे मी हा फाँट नेत नाही. सबंध मथळा मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लावणेही टाळते, कारण मग त्याचा सगळा डौल जातो.

मराठी मथळा शेजारी असेल तर काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. देवनागरीला सेरिफ नाहीत, तेव्हा अक्षरांच्या टोकांना गोळे चिकटवून ‘मराठी कूपर’ बनवण्याच्या फंदात पडू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मोदक’ हा देवनागरी फाँट पाहावा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो रेखाटला असून तो विनामूल्य मिळतो. त्यात अक्षर इतके फुगवले आहे की पोटातल्या पोकळीची केवळ पांढरी चीर उरते, आणि तरीही ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होत नाही. द्विभाषिक पाटीसाठी मी दोन्ही मथळे छापून भिंतीला लावते, दहा पावले मागे जाते आणि डोळे किलकिले करते. मराठी ओळ इंग्रजीपेक्षा फिकी दिसली, तर आधी तिचा आकार वाढवते आणि मगच रंगाकडे वळते.