तापीकाठची मगर, आणि वीस फुटांचं भांडण

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवतो. मागच्या मे महिन्यात वनरक्षकांचा फोन आला, सर तापीचं पाणी उतरलंय, चोपड्याकडच्या एका गावाजवळ गाळात मगरीची कवटी सापडलीय, टेप घेऊन या. ऊन मरणाचं होतं तरी बाईक काढली, असली कवटी हातात घ्यायला कुठे मिळते रोज!

गोणपाटावर कवटी, भोवती अर्धं गाव. एका पोराने विचारलं, ॲलिगेटर आहे का? म्हटलं नाही रे, ते अमेरिकेत नाहीतर चीनमध्ये, ही आपली मगर, तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो बघ, ॲलिगेटरचा वरच्या जबड्यात झाकला जातो. तेवढ्यात एक म्हातारे मासेमार बाबा पुढे आले, "मी सोता देखेल शे सर, वीस फुटनी व्हती!"

हिशोब साधा आहे, मोठ्या मगरीची लांबी डोक्याच्या साधारण सातपट धरतात. मी घाईत टेप लावला, 53 सेंटीमीटर, म्हणजे बारा फुटांच्या वर, लोक खूश. आणि मग माझ्याच लक्षात आलं की टेप खालच्या जबड्याला लागलाय! तो सांध्याच्याही मागे जातो म्हणून कवटीपेक्षा लांबच भरतो. सगळ्यांसमोर सांगितलं, चुकलो, परत मोजतो. नाकाच्या टोकापासून कवटीच्या छताच्या मागच्या कडेपर्यंत, मधोमध, टेप हाडाच्या वळणावरून न नेता सरळ रेषेत. 46. सातने गुणलं तर 322, साडेदहा फूट. ॲलिगेटरसाठी एक ठोकताळा आहे, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत जितके इंच तितके फूट, तोही करून पाहिला, सव्वादहा आलं. पण तो दुसऱ्या प्राण्याचा नियम, त्यावर मगर मोजायची नाही हे मी पोरांना बजावून सांगितलं. शिवाय वय, नर की मादी, याने प्रमाण थोडं हलतं, शेपटीचं टोक तुटलेलं असेल तर कवटी ते कसं सांगणार.

बाबांना पटेना. मग वाळूत साडेदहा फुटांची रेघ ओढली, एका टोकाला कवटी ठेवली आणि अर्ध्यावर खूण केली, इथून पुढे नुसती शेपटी. बाबा रेघेच्या कडेने पावलं टाकत गेले, परत आले. "मनी डोंगीएवढी व्हती मंग," एवढंच बोलले, आवाज पार उतरला होता.

कवटी आपल्याला ठेवता येईल का, असं सरपंचांनी विचारलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, विनापरवाना हाड ठेवणंसुद्धा गुन्हा. पंचनाम्यात "अंदाजे साडेदहा फूट" लिहिलं, 'अंदाजे' खाली मी रेघ मारायला लावली, सह्या झाल्या आणि वनरक्षक कवटी बांधून घेऊन गेले.