स्पिटफायर मार्क ३ अपडेट: गरम झाली की बंद पडायची त्याचा छडा लागला, आता क्लचचं दुखणं

मागचं अपडेट लिहिलं तेव्हा तक्रार एकच होती, गाडी गरम झाली की बंद पडते. होळीनंतर हात घातला आणि आता पाऊस तोंडावर आलाय, मधल्या काळात त्या एका तक्रारीच्या पोटातून पाच दुखणी निघाली. चार मिटली, पाचवं उघडून ठेवलंय. सगळं सविस्तर लिहितोय कारण यातलं निम्मं ट्रायम्फ हेराल्डवाल्यांनाही लागू आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, गाडी १९६९ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, १२९६ सीसी, जुळे एसयू कार्ब (कार्बोरेटर), पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम. १९६२ ला स्पिटफायर आली तीच मुळी हेराल्डची चासी आखूड करून, दोन्हीचं डिझाईन इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं, आणि हेराल्ड पुढे मद्रासला बनत होती म्हणून पुढच्या सस्पेन्शनचं बरंचसं सामान आपल्याकडे जुन्या दुकानांत अजून सापडतं. याबाबतीत आपण नशीबवान आहोत.

तर झालं असं की मार्चमध्ये एका रविवारी ठाण्यात कोलशेतहून पहाटे निघून गायमुखपर्यंत मस्त गेलो, येताना उशीर झाला आणि कासारवडवलीला मेट्रोच्या बॅरिकेडजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो. टेम्परेचरचा काटा लाल खुणेला टेकला, इंजिन मिस मारायला लागलं आणि सिग्नलला बंद. दोन रिक्षावाल्यांनी धक्का मारून बाजूला घेतली, पुढचा अख्खा बॉनेट उचलल्यावर नेहमीसारखी गर्दी जमली. चाळीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला चालू.

काटा लाल आणि गाडी बंद, म्हणजे ओव्हरहीट, असं मी धरून चाललो आणि इथेच तीन आठवडे गेले. वागळे इस्टेटला रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतलं, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघितला, ८२ च्या आसपास व्यवस्थित उघडला, फॅन बेल्ट नवीन टाकला. फरक शून्य. काटा तसाच वर.

उलगडा झाला तो पेट्रोल पंपावर. गेज पाऊण टाकी दाखवत होतं आणि टाकी फुल करायला सांगितली तर बावीस लिटर गेलं. टाकी सगळी मिळून साधारण ३७ लिटरची! म्हणजे पेट्रोलचा काटाही वर दाखवतोय आणि टेम्परेचरचाही. दोन वेगळ्या वस्तू एकाच दिशेने खोटं बोलत असतील तर दोघांना जोडणारं काय आहे ते बघायचं, आणि ते म्हणजे डॅशच्या मागे असलेला काडेपेटीपेक्षाही लहान पत्र्याचा डबा, व्होल्टेज स्टॅबिलायझर. या गेजना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज द्यायचं नसतं, सरासरी १० व्होल्ट द्यायचं असतं, आतली पट्टी तापून उघडझाप करते आणि ते साधते. पण हे सगळं त्या डब्याला अर्थ (म्हणजे बॉडीशी अर्थिंग) मिळाला तर. माझ्या डब्याच्या स्क्रूखाली गंज होता, अर्थ तुटलेला, त्यामुळे गेजना पूर्ण १३-१४ व्होल्ट जात होते आणि दोन्ही काटे वर पळत होते. पॉलिश पेपर, नवीन स्क्रू, वीस मिनिटांचं काम. नंतर टेम्परेचर गनने थर्मोस्टॅट हाउसिंगवर मोजलं तर ट्रॅफिकमध्येसुद्धा ८६-८८. गाडी कधी ओव्हरहीट झालीच नव्हती. रेडिएटरचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, आतून चिखल निघाला तो निघालाच, पण आधी मोजलं असतं तर मार्च महिना वाचला असता.

मग बंद का पडते?

यावेळी ठरवलं की घरी आणून तपासायचं नाही, बंद पडेल तिथेच तपासायचं, कारण थंड झाल्यावर सगळंच बरोबर दिसतं. डिकीत एक जास्तीचा प्लग, टेस्टर आणि पाने ठेवले. वाघबीळला पडली. प्लग ब्लॉकला टेकवून सेल्फ मारला, करंट (ठिणगी) पिवळट आणि कधी येतोय कधी नाही. कॉइलचा प्रायमरी मोजला, तीन ओहमच्या जवळ, म्हणजे कॉइल ठीक. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तेही ठीक. उरला कंडेन्सर, म्हणजे पॉइंट जळू न देणारा छोटा डबा, आणि तो सहा महिन्यांपूर्वीच नवीन टाकलेला म्हणून त्याच्यावर माझा संशयच नव्हता. मेस्त्रीकाकांनी त्यांच्या बिस्किटाच्या डब्यातून अँबेसेडरचा जुना कंडेन्सर काढला, वायरचं टोक बदललं, बसवला. "नवीन आहे म्हणून चांगला असं काही नसतं रे," एवढंच म्हणाले. करंट निळा, टकटक आवाज येणारा. कंडेन्सर आतून गरम झाला की लीक होतो, पॉइंट जळायला लागतात आणि करंट पडतो, थंड झाला की पुन्हा शहाणा. नवीन आलेले बरेच कंडेन्सर असेच आहेत असं माझं आता ठाम मत झालंय, जुना पण न वापरलेला स्टॉक दिसला तर दोन जास्त घेऊन ठेवा.

गरम होऊन बंद पडणं थांबलं. पण आयडलिंगला घुसमटत होती, आणि मागच्या कार्बच्या ओव्हरफ्लोमधून पेट्रोल गळताना दिसलं. तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारी पेट्रोल, हे बघून पोटात गोळा आला, त्या दिवशी गाडी तिथेच थांबवली आणि फायर एक्स्टिंग्विशर पायाशी ठेवूनच पुढचं काम केलं. फ्लोट चेंबर उघडला तर तळाशी काळ्या रबराचे कण, अगदी काजळ पडल्यासारखे, बोटाला लावले तर पसरत होते. त्यातलाच एक नीडल व्हॉल्व्हखाली अडकलेला. गाडीच्या फ्युएल पंपापासून कार्बपर्यंतचा रबरी पाइप आतून फुगून सोलवटत होता, बाहेरून बघाल तर एकदम छान. आता पेट्रोल पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला खातं, आणि आपल्या गाड्यांचे पाइप त्या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. टाकीपासून कार्बपर्यंत जेवढं रबर आहे तेवढं सगळं इथेनॉल चालणाऱ्या पाइपने बदललं, क्लिपसकट. हे काम प्रत्येकाने या पावसाळ्याच्या आत करावं अशी अगदी मनापासून विनंती आहे, पाइप चांगला दिसतोय यावर जाऊ नका.

कार्ब उघडलेच होते तर सेटिंगही केलं. पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली टेकताना "टक्" असा धातूचा आवाज यायला पाहिजे, माझ्या पुढच्याचा येत नव्हता, जेट मधोमध आणून घेतल्यावर आला. मिक्श्चरसाठी लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा, आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. डँपरमध्ये २० नंबरचं ऑइल. दोन्ही कार्बची हवा कानाला नळी लावून जुळवली, आणि ती जुळल्यावर सायलेन्सरचा आवाज जो एकसारखा होतो ना, त्यासाठी मी आयुष्यभर हे काम करायला तयार आहे.

चौथं दुखणं पुढच्या चाकाचं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डावीकडून कट्ट आवाज. ट्रनियनबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात जीव जाऊ शकतो. पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं त्या व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक पितळी ट्रनियनमध्ये फिरतं, उजवीकडे उजवे आटे आणि डावीकडे डावे. तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल जायला पाहिजे. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं ग्रीस मारलं होतं, ते वरच्या वर सुकून साबणासारखं झालं, खाली पोचलंच नाही, आत पाणी शिरून आट्यांना गंज. अशी लिंक एक दिवस तुटते आणि चाक आडवं पडतं. डावी लिंक बदलली, ट्रनियनची नवी जोडी ऑपेरा हाऊसच्या एका जुन्या दुकानात हेराल्डच्या नावाने मिळाली, आटे लावून बघूनच घेतली. आता ग्रीस गनमध्येच गिअर ऑइल भरून दर दोन महिन्यांनी मारतोय, कडेने ऑइल बाहेर येईपर्यंत. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं.

आणि आता पाचवं. ट्रनियनचं काम करताना गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) होती, मी समोर बसलेलो, मुलगी आत ड्रायव्हिंग सीटवर. "बाबा, दाबू का?" म्हणाली आणि मी हो म्हणायच्या आत तिने क्लच दाबला. क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली माझ्या डोळ्यांसमोर पुढे सरकली. पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा सरकली, सोडल्यावर मागे. डायल गेज लावलं, १९ थाऊ. साधारण ४ ते ८ असायला पाहिजे.

या इंजिनचा हा जुना आजार. मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन थ्रस्ट वॉशर असतात, क्रँकला पुढेमागे सरकण्यापासून रोखणाऱ्या. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मागच्या वॉशरवर. घोडबंदर रोडला सिग्नल सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ती झिजते, फारच झिजली तर चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या तबकात) पडते आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो. तसं झालं की ब्लॉकच बाद.

इंजिन न उतरवता होतं हे काम. ऑइल काढलं, चेंबर खोलला, मागची कॅप उतरवली, वॉशर काडीने सरकवून बाहेर घेतल्या. पुढची मायक्रोमीटरवर ९२ थाऊ, मागची ८०. म्हणजे जी १२ थाऊ गेली ती सगळी मागचीच. पांढरा धातू जवळपास संपून खालचं पोलाद दिसायला लागलं होतं. मग टॉर्च तोंडात धरून क्रँकच्या मागच्या फेसवर नख फिरवलं, हळूहळू, क्रँक थोडा थोडा फिरवत पूर्ण गोल. नख कुठेच अडकलं नाही. तेव्हा कुठे मी गाडीखालून बाहेर येऊन पाणी प्यायलो.

स्टँडर्ड जोडी बसवली तर हिशेबाने ७ थाऊ यायला पाहिजेत, तरी पाच थाऊ जाड असलेली जोडीही सोबत मागवलीय, दोन्ही लावून मोजेन. बसवताना खाचा असलेली बाजू क्रँककडे, हे ज्यांना करायचंय त्यांनी लिहूनच ठेवा. मी सिग्नलला न्यूट्रल करायला लागलोय, सेल्फ मारतानाही न्यूट्रल बघून क्लचवरून पाय काढतो.

पार्सल इंग्लंडहून निघालंय. तोवर चेंबरच्या जागी खालून जुनी धुतलेली चादर ताणून बांधलीय, पार्किंगची धूळ वर जाऊ नये म्हणून.